फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे आणि परिणाम मांडायचे कसे

फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहायला बसले की बहुतेकांचा हात आपोआप चार कप्पे आखतो: राजकीय, सामाजिक, आर्थिक आणि वैचारिक कारणे. प्रत्येक कप्प्यात चार-चार मुद्दे भरले की उत्तर झाले असे वाटते. अडचण अशी की त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा १७५० सालीही खरा होता. राजा तेव्हाही अनियंत्रित होता, उमरावांना सवलती तेव्हाही होत्या, शेतकरी तेव्हाही करांखाली वाकलेला होता. मग क्रांती १७८९ मध्येच का झाली? ज्या टिपणातून याचे उत्तर मिळत नाही, त्यात परिस्थितीचे वर्णन असते, कारण नसते.

खालची पद्धत परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि वर्गात हा धडा शिकवणाऱ्यांना, दोघांनाही उपयोगी पडेल. दोन फुलस्केप कागद, पेन्सिल आणि एकूण सहा-सात तास लागतात. एका बैठकीत उरकू नका. पहिल्या दिवशी तिजोरी आणि धान्य, दुसऱ्या दिवशी मे १७८९ ते जानेवारी १७९३, तिसऱ्या दिवशी परिणाम, अशी वाटणी सोयीची पडते.

आधी एका प्रश्नाचे दोन करा

पहिल्या कागदाच्या डोक्यावर दोन प्रश्न शेजारी शेजारी लिहा. एक: १७८९ मध्ये राजाची अनियंत्रित सत्ता का मोडली? दोन: १७९२ मध्ये राजेशाहीच का संपली? या दोहोंमध्ये तीन वर्षांचे अंतर आहे आणि दोघांची कारणे वेगळी आहेत. १७८९ च्या वसंतात गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारी वह्यांमध्ये लिहून पाठवल्या. त्या वह्यांत कर, मीठ, जमीनदाराची कबुतरे आणि शिकारीचे हक्क यांबद्दल संताप आहे, पण राजा नको असे म्हणणारे जवळजवळ कोणी नाही. राजा आपले ऐकेल, ही लोकांची अपेक्षा होती. दोन्ही प्रश्न एकत्र केले की 'लोक राजाला कंटाळले आणि त्यांनी त्याला मारले' असे सरळसोट वाक्य तयार होते, आणि मधली तीन वर्षे गायब होतात. आमच्या मते या विषयातली सर्वांत मोठी चूक हीच.

तिजोरीपासून सुरुवात करा

पहिला अर्धा दिवस फक्त पैशाला द्या. १७८८ चा सरकारी हिशेब कागदावर मांडा. खर्च सुमारे ६२.९ कोटी लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन), उत्पन्न सुमारे ५०.३ कोटी, तूट १२.६ कोटी. म्हणजे दर पाच लिव्र खर्चामागे एक लिव्र उसना. आता खर्च फोडून पाहा. जुन्या कर्जाचे व्याज आणि फेड यांवर ३१.८ कोटी, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. लष्कर, आरमार आणि परराष्ट्र व्यवहार यांवर साधारण १६.५ कोटी. दरबारावर साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे सहा टक्क्यांहूनही थोडे कमी.

हे आकडे एकदा स्वतःच्या हाताने लिहिले की 'राणीच्या उधळपट्टीने फ्रान्स बुडाला' हे वाक्य पुन्हा लिहवत नाही. मेरी आंत्वानेतचे दागिने आणि वाडे यांनी राजघराण्याची अब्रू गेली, आणि अब्रू जाणे हेही राजकारणात मोठे नुकसान असते. पण तिजोरी रिकामी केली ती युद्धांनी. अमेरिकन वसाहतींच्या बाजूने १७७८ ते १७८३ लढलेल्या युद्धावर १०० कोटी लिव्रहून अधिक खर्च झाला. तिजोरीचा कारभार पाहणाऱ्या नेकरने तो नवे कर न लावता मुख्यतः कर्जावर भागवला. १७८१ मध्ये त्याने राज्याचा जमाखर्च छापून प्रसिद्ध केला आणि त्यात एक कोटी लिव्र शिल्लक दाखवली. युद्धाचा खर्च 'असाधारण' म्हणून त्यातून वगळला होता. पुढे अर्थमंत्री कलोनने तूट आहे असे सांगितले तेव्हा लोकांनी विचारले, मग शिल्लक गेली कुठे? म्हणून १७८१ चे साल टिपणात हवेच.

इथे एक तुलना जरूर करा. कर्ज इंग्लंडवरही प्रचंड होते, तरी तिथे क्रांती झाली नाही. इंग्लंडच्या कर्जामागे पार्लमेंटची हमी होती, त्यामुळे त्यांना स्वस्त व्याजाने पैसा मिळे. फ्रान्सच्या राजाच्या शब्दामागे अशी हमी देणारी संस्थाच नव्हती. सावकार जास्त व्याज मागत, आणि त्या व्याजासाठी पुन्हा कर्ज काढावे लागे. कर्जाचा प्रश्न असा संमतीच्या प्रश्नात बदलतो, आणि आर्थिक कारण राजकीय कारणाला इथे जोडले जाते. चार कप्प्यांच्या पद्धतीत नेमका हाच सांधा तुटतो.

करांच्या बाबतीत 'उमराव आणि धर्मगुरू कर भरत नसत' असे सरसकट लिहू नका. धर्मगुरूंची संस्था राजाला 'नजराणा' देई, पण त्याची रक्कम स्वतः ठरवी. उमरावांना ताय हा मुख्य जमीनकर बहुतेक ठिकाणी माफ होता. विसाव्या हिश्शाचा कर त्यांना लागू होता, पण तो चुकवण्याच्या वाटा त्यांच्याकडे होत्या. काही प्रांतांना आणि शहरांनाही सवलती होत्या. मिठावरचा कर एका प्रांतात जबर, तर शेजारच्या प्रांतात नाममात्र, आणि त्यामुळे सीमेवर मिठाची चोरटी ने-आण चाले. शेतकऱ्याचा बोजा दाखवायचा तर करांची नावे पाठ करण्यापेक्षा पैसे घेणारे हात मोजा. राजा ताय, मीठकर आणि रस्त्यांची वेठ घेई. चर्च पिकाचा दशांश घेई, जो प्रत्यक्षात अनेकदा दहाव्या हिश्शाहून कमी असे. सरंजामदार जमिनीवरचा खंड, गिरणी-भट्टी वापरल्याचे पैसे आणि जमीन विकली तर त्यातला वाटा घेई. 'वेठ' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. तो वापरा.

कारणांची साखळी तारखांनी बांधा

आता त्याच कागदावर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढा आणि या घटना त्यावर टाका. ऑगस्ट १७८६: कलोन राजाला सांगतो की तिजोरी टिकणार नाही, सर्वांच्या जमिनीवर सारखा कर लावावा लागेल. २२ फेब्रुवारी १७८७: त्यासाठी १४४ मान्यवरांची सभा भरते, आणि ती नकार देते. कलोनच्या जागी आलेला ब्रिएन करांचे हुकूम पॅरिसच्या पार्लमाँकडे नोंदणीसाठी पाठवतो, तीही अडते. नवा कायमचा कर मंजूर करण्याचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलला, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि बाकीची जनता या तीन वर्गांच्या प्रतिनिधिसभेला आहे, असे तिचे म्हणणे. ८ ऑगस्ट १७८८: इस्टेट्स जनरल बोलावण्याची घोषणा. १६ ऑगस्ट १७८८: सरकार देणी पूर्ण रोखीत भागवणे थांबवते.

पार्लमाँ हा शब्द 'पार्लमेंट' असा लिहिला की पूर्ण उत्तर बिघडते. ही कायदेमंडळे नव्हती, उच्च न्यायालये होती. तिथल्या जागा विकत घेतलेल्या असत आणि न्यायाधीश स्वतः उमराव होते. म्हणजे राजाला पहिला धक्का दिला तो विशेषाधिकार असलेल्यांनी, आणि तोही बहुतांशी विशेषाधिकार वाचवण्यासाठी. गरिबांच्या उठावाने क्रांती सुरू झाली असे गृहीत धरणाऱ्याला १७८७ आणि १७८८ ही दोन वर्षे कुठे बसवावीत हेच कळत नाही.

रेघेवर बाण काढताना प्रत्येक बाणावर 'म्हणून' लिहून वाक्य मोठ्याने वाचा. 'मान्यवरांनी नकार दिला, म्हणून प्रस्ताव पार्लमाँकडे गेला.' बसते. 'रूसोने लिहिले, म्हणून तिजोरी रिकामी झाली.' बसत नाही. जिथे 'म्हणून' अडखळतो तिथे एक तर मधला दुवा सुटला आहे, किंवा तो संबंधच खोटा आहे.

भाकरीचा हिशेब

१३ जुलै १७८८ रोजी उत्तर फ्रान्सच्या मोठ्या पट्ट्यात गारपीट होऊन उभे पीक झोपले. मागोमाग कडाक्याचा हिवाळा आला, नद्या गोठल्या आणि पाणचक्क्या थांबल्या, म्हणजे होते ते धान्यही दळता येईना. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव, म्हणजे आजच्या मापाने जवळजवळ दोन किलोचा, ऑगस्ट १७८८ मध्ये नऊ सूंना (सू हे लिव्रचे सुटे नाणे) होता. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो साडेचौदा सूंवर गेला. साध्या मजुराची रोजची कमाई २० ते ३० सूंच्या दरम्यान असे.

हा हिशेब टिपणात प्रत्यक्ष करून दाखवा. कमाई २५ सू धरा. घरात रोज एकच पाव लागतो असे मानले तरी आधी कमाईचे ३६ टक्के पावावर जात होते, आता ५८ टक्के जाऊ लागले. उरलेल्यातून भाडे, सरपण, कपडे. लोक कापड घेईनासे झाले, विणकरांचे काम गेले, आणि महागाईच्या जोडीला बेकारी आली. एप्रिल १७८९ च्या अखेरीस रेव्हेयाँच्या वॉलपेपर कारखान्यावरून पॅरिसमध्ये दंगल झाली ती याच ताणातून.

धान्याने काय समजते आणि काय समजत नाही, हे वेगळे ठेवा. लोक जुलैमध्येच रस्त्यावर का आले, हे समजते: जुने धान्य संपलेले आणि नवे पीक अजून शेतात, असे ते आठवडे असतात. मानवी हक्कांचा जाहीरनामा का लिहिला गेला, हे मात्र पावाच्या भावातून समजत नाही. 'पाव नसेल तर केक खा' हे वाक्य राणीच्या तोंडी घालू नका. तिने ते म्हटल्याचा पुरावा नाही. अशाच अर्थाचे वाक्य रूसोच्या आत्मचरित्रात एका अनाम राजकन्येच्या नावे येते, आणि ते लिहिले गेले तेव्हा मेरी आंत्वानेत फ्रान्समध्ये आलेलीही नव्हती.

विचारवंतांना कुठे बसवायचे

व्हॉल्तेअर आणि रूसो दोघेही १७७८ मध्ये वारले, माँतेस्क्यू त्याआधीच १७५५ मध्ये. 'यांच्या विचारांनी जनता पेटली' असे लिहायचे असेल तर तो विचार कोणत्या दस्तऐवजात उतरला हे दाखवावे लागेल. ते अवघड नाही. २६ ऑगस्ट १७८९ च्या जाहीरनाम्यात १७ कलमे आहेत. तिसरे कलम सार्वभौमत्वाचे मूळ राष्ट्रात ठेवते. सहावे कलम कायदा म्हणजे सामूहिक इच्छेची अभिव्यक्ती असे सांगते, आणि हा शब्दप्रयोग रूसोचा. सोळावे कलम म्हणते की जिथे सत्तांचे विभाजन नाही तिथे संविधानच नाही, इथे माँतेस्क्यू दिसतो. ही तीन कलमे नेमक्या क्रमांकाने लिहिलीत तर वैचारिक कारणांवर अर्धे पान खर्च करावे लागत नाही. विचारांनी संकट निर्माण केले नाही. संकट आले तेव्हा बोलायला भाषा दिली.

मतदानाची गाठ

दुसऱ्या दिवसाचा पहिला तास ५ मे ते २७ जून १७८९ या आठ आठवड्यांना द्या. इथे घाई केली की पुढचे सगळे ढिले पडते. इस्टेट्स जनरल १६१४ नंतर पहिल्यांदाच भरत होती. तिसऱ्या वर्गाच्या जागा दुप्पट केल्या होत्या, त्यामुळे साधारण ३०० धर्मगुरू, ३०० उमराव आणि ६०० तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी अशी रचना झाली. पण मते वर्गवार मोजायची की डोई मोजून, हे राजाने ठरवलेच नाही. वर्गवार मोजली तर निकाल दोन विरुद्ध एक. डोई मोजली तर निम्मी सभा तिसऱ्या वर्गाची, आणि त्यात गरीब घरांतून आलेले गावोगावचे पाद्री मिळाले की बहुमत. दुप्पट जागा दिल्या पण मतमोजणी बदलली नाही, म्हणजे आशा वाढवली आणि हातात काही दिले नाही. हा अनिर्णय राजाच्या सर्वांत महागात पडलेल्या चुकांपैकी एक होता.

सिएस या धर्मगुरूने जानेवारी १७८९ मध्येच पत्रक काढून तिसरा वर्ग म्हणजेच राष्ट्र असे मांडले होते. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतले. २० जूनला सभागृह बंद मिळाले म्हणून टेनिस कोर्टात जाऊन संविधान होईपर्यंत न पांगण्याची शपथ घेतली. २७ जूनला राजाने उरलेल्या दोन वर्गांनाही त्यात सामील व्हायला सांगितले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने राजाची एकहाती सत्ता १४ जुलैला बॅस्टिल या पॅरिसमधल्या तुरुंग-किल्ल्यावर झालेल्या हल्ल्याच्या आधीच मोडली होती.

मग बॅस्टिलचे महत्त्व काय? ११ जुलैला नेकरला काढले आणि पॅरिसभोवती फौजा जमत होत्या. लोकांनी १४ जुलैच्या सकाळी इन्व्हॅलिद या लष्करी इमारतीतून हजारो बंदुका घेतल्या. बंदुका होत्या, बंदुकीची दारू नव्हती. दारू बॅस्टिलमध्ये होती. आत कैदी होते अवघे सात. 'राजकीय कैद्यांना सोडवण्यासाठी हल्ला' हे म्हणूनच चुकीचे. हल्लेखोरांपैकी सुमारे ९८ जण मेले. राष्ट्रीय सभा बळाने मोडण्याचा मार्ग त्या दिवशी बंद झाला.

खेड्यांकडे दुर्लक्ष करू नका. जुलैच्या उत्तरार्धात लुटारू येत असल्याच्या अफवा पसरल्या, शेतकऱ्यांनी हत्यारे घेतली आणि अनेक ठिकाणी ती सरंजामदारांच्या वाड्यांकडे वळवली. तिथे त्यांनी मुद्दाम दप्तरे जाळली, कारण कोणाकडून काय वसूल करायचे ते त्या दप्तरांत लिहिलेले होते. ४ ऑगस्टच्या रात्री उमरावांनी सभेत उठून आपले हक्क सोडले, त्यामागे ही आग होती.

१७९२ चा प्रश्न

आता कागदाच्या उजव्या बाजूकडे या. घटनात्मक राजेशाही टिकली का नाही? तीन दुवे पुरतात, पण क्रमाने.

पहिला चर्चचा. २ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. १२ जुलै १७९० च्या कायद्याने पाद्री सरकारी पगारावर आले, आणि नंतर त्यांच्याकडून निष्ठेची शपथ मागितली. गावच्या पाद्र्यांपैकी साधारण निम्म्यांनीच ती घेतली. ज्या शेतकऱ्याला सरंजामी देणी संपल्याचा आनंद झाला होता, त्याच्याच गावात आता आपला पाद्री की सरकारचा पाद्री असे भांडण उभे राहिले. धार्मिक वृत्तीच्या राजालाही हा कायदा मनातून मान्य नव्हता.

दुसरा दुवा पलायनाचा. २० जून १७९१ च्या रात्री राजा कुटुंबासह निघाला आणि दुसऱ्या दिवशी व्हारेनला पकडला गेला. मागे तो एक पत्र ठेवून गेला होता, त्यात क्रांतीने केलेल्या बदलांवर त्याने टीका केली होती. हे पत्र विसरू नका. त्यानंतर त्याने संविधान स्वीकारले तरी त्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?

तिसरा युद्धाचा. २० एप्रिल १७९२ ला ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. सुरुवातीला पराभव. जुलैअखेरीस शत्रुपक्षाच्या सेनापतीने, ब्रुन्स्विकच्या ड्यूकने, राजघराण्याला धक्का लागला तर पॅरिसचा सूड घेऊ असा जाहीरनामा काढला. राजाला वाचवण्यासाठी काढलेल्या त्या कागदाने राजा शत्रूचा माणूस ठरला. १० ऑगस्टला पॅरिसचे कारागीर आणि दुकानदार, ज्यांना सां-क्युलॉत म्हणत, आणि प्रांतांतून आलेले स्वयंसेवक यांनी त्विलरी राजवाडा घेतला. २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द झाली. खटल्यात ७२१ मतांपैकी ३६१ मते बिनशर्त मृत्युदंडाला पडली, आणि २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. राजाच्या बाजूने १७८९ मध्ये असलेली सदिच्छा अशी टप्प्याटप्प्याने संपली.

परिणामांचा तक्ता

दुसरा कागद आडवा धरा आणि पाच उभे रकाने करा: कायदा किंवा घटना, तारीख, कोणाला मिळाले, कोणाचे गेले, टिकले का. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवा. 'समतेची स्थापना झाली' हे वाक्य या तक्त्यात कुठेच बसणार नाही, आणि ते बसत नाही हाच तक्त्याचा उपयोग.

सरंजामी हक्कांपासून सुरुवात करा. ४ ऑगस्ट १७८९ ला सरंजामशाही संपली असे लिहितात. व्यक्तीवरची बंधने लगेच गेली, पण जमिनीवरची देणी शेतकऱ्याने पैसे देऊन सोडवून घ्यायची होती: रोख देणे असेल तर वार्षिक रकमेच्या वीसपट, धान्याचे असेल तर पंचवीसपट. एवढा पैसा कोणाकडे? शेतकऱ्यांनी देणेच बंद केले, उठाव चालू राहिले, आणि १७ जुलै १७९३ ला ती देणी विनामोबदला रद्द झाली. टिकले का? हो. १८१५ मध्ये राजे परत आले, ही देणी परत आली नाहीत.

चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या. घेणारे बहुतेक शहरातले पैसेवाले आणि गावातले सधन शेतकरी. भूमिहीनाच्या वाट्याला थोडेच आले. १८०१ च्या करारात पोपने ही विक्री मान्य केली. ज्यांनी जमीन घेतली ते जुन्या राजवटीच्या परतण्याला कायमचे विरोधक झाले, हा आर्थिक परिणामाचा राजकीय परिणाम जरूर नोंदवा.

या जमिनींच्या तारणावर डिसेंबर १७८९ मध्ये ४० कोटी लिव्रचे असिन्या रोखे काढले. लवकरच ते चलनी नोटांसारखे फिरू लागले, युद्ध सुरू झाल्यावर छपाई सुटली, आणि १७९६ च्या सुरुवातीला एकूण छपाई सुमारे ४५ अब्जांवर गेली. नोटेची किंमत छापील रकमेच्या एका टक्क्याच्याही खाली आली. १९ फेब्रुवारी १७९६ ला छपाईचे साचे पॅरिसमध्ये जाहीरपणे फोडले. ज्या तुटीमुळे क्रांती सुरू झाली ती तूट क्रांतीनेही लगेच सोडवली नाही, हा मुद्दा फार थोड्या उत्तरांत दिसतो.

स्त्रिया, गुलाम आणि मजूर यांच्यासाठी 'टिकले का' हा रकाना सर्वांत बोलका आहे. २० सप्टेंबर १७९२ ला घटस्फोटाचा हक्क मिळाला, १८१६ मध्ये गेला. स्त्रियांना मताधिकार मिळाला तो थेट १९४४ मध्ये. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा १७९१ मध्ये लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांना नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवले. साँ-दोमँग या साखरेच्या वसाहतीत गुलामांनी ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव केला, त्या दबावाखाली ४ फेब्रुवारी १७९४ ला गुलामगिरी रद्द झाली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा कायदेशीर केली. साँ-दोमँगच्या लोकांनी लढून १ जानेवारी १८०४ ला हैती हा स्वतंत्र देश उभारला. बाकीच्या फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी १८४८ पर्यंत राहिली. हैतीशिवाय लिहिलेले परिणाम अपुरे आहेत, असे आम्ही ठामपणे म्हणू. मजुरांना संघटना करण्याची १४ जून १७९१ च्या ल शापलिए कायद्याने बंदी झाली, संपाचा हक्क १८६४ मध्ये आणि संघटनेचा १८८४ मध्ये आला.

दहशतपर्वाबद्दल, म्हणजे १७९३-९४ मधल्या सरसकट मृत्युदंडांच्या काळाबद्दल, विशेषणे कमी आणि आकडे जास्त वापरा. न्यायालयांनी ठोठावलेल्या मृत्युदंडांची संख्या साधारण १६,६००, त्यातले पॅरिसमध्ये सुमारे २,६००. मरणाऱ्यांत उमराव आणि धर्मगुरू मिळून साधारण पंधरा टक्के. बहुसंख्य लोक तिसऱ्या वर्गाचेच होते. पश्चिम फ्रान्समधल्या व्हाँदेच्या यादवीतले मृत्यू यात धरलेले नाहीत, ते लाखाच्या वर जातात. दहशत क्रांतिकारी सरकारचा प्रमुख नेता रोब्स्पिएर याच्या स्वभावातून आली असे लिहू नका. १७९३ च्या उन्हाळ्यात परकी फौजा सीमेवर, व्हाँदेत बंड, मोठ्या शहरांत उठाव आणि बाजारात भाववाढ हे सगळे एकाच वेळी होते. पण एवढ्यावरही थांबू नका. १० जून १७९४ च्या कायद्याने आरोपीचा बचावाचा हक्क काढला, आणि तेव्हा युद्धाची बाजू सुधारत होती. संकटातून सगळेच समजत असते तर तेव्हा दहशत ओसरायला हवी होती. उलट २७ जुलैला रोब्स्पिएर पडेपर्यंतच्या सात आठवड्यांत पॅरिसमध्ये १,३०० हून अधिक लोकांना मारले.

युरोपवरचे परिणाम लिहिताना दोन पायऱ्या ठेवा. जर्मनी आणि इटलीतला राष्ट्रवाद थेट १७८९ मधून आला नाही. नेपोलियनच्या फौजांनी जुनी राज्ये मोडली, १८०४ ची नागरी संहिता नेली, कर आणि सैनिक वसूल केले, आणि त्या अनुभवाविरुद्धही तो राष्ट्रवाद वाढला.

भारताशी संबंध जोडायचा तर खरा असेल तिथेच जोडा. दशमान मापे क्रांतिकाळातली, फ्रान्सचा कायदा ७ एप्रिल १७९५ चा. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि पुढच्या वर्षीपासून शेर-मण जाऊन किलो येऊ लागला. 'स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रान्सकडून उसनी घेतली' असे मात्र बेधडक लिहू नका. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले सामाजिक तत्त्वज्ञान या तीन शब्दांत असल्याचे सांगितले, आणि ते फ्रेंच क्रांतीतून नाही तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतल्याचे स्पष्ट केले. मराठी उत्तरात ही चूक अक्षम्य आहे.

२५० शब्दांत उतरवताना

प्रस्तावनेला तीसेक शब्द, १७८९ च्या साखळीला शंभर, १७९२ ला पन्नास, परिणामांना सत्तर. कारणांचा परिच्छेद असा उभा राहतो:

'१७८८ मध्ये फ्रान्सच्या खर्चाचा निम्मा वाटा कर्जफेडीत जात होता. विशेषाधिकारी वर्गांवर कर लावल्याशिवाय तूट भरणे अशक्य होते, पण मान्यवरांची सभा आणि पार्लमाँ यांनी संमती नाकारल्याने राजाला १६१४ नंतर प्रथमच इस्टेट्स जनरल बोलवावी लागली. तिथे मतमोजणीचा वाद न सुटल्याने तिसऱ्या वर्गाने १७ जून १७८९ ला राष्ट्रीय सभा घोषित केली. १७८८ च्या गारपिटीनंतरच्या महागाईने पॅरिस अस्वस्थ होते; जुलैमध्ये राजाने फौजा जमवल्या तेव्हा हा असंतोष सभेच्या पाठीशी उभा राहिला.'

यात एकही मुद्दा १७५० ला लागू पडत नाही. तुमच्या परिच्छेदावर हीच कसोटी लावा: १७८९ खोडून १७५० लिहा आणि वाचा. वाक्य तरीही खरे राहत असेल तर ते पार्श्वभूमीत हलवा.

शेवटी तारखा तपासून घ्या. प्रजासत्ताकाचे पहिले वर्ष २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजले, पण ते पंचांग स्वीकारले गेले ऑक्टोबर १७९३ मध्ये, त्यामुळे वर्ष एकचे नव्या महिन्यांतले दाखले मागाहून लावलेले आहेत. ९ थर्मिडोर (रोब्स्पिएरचे पतन) म्हणजे २७ जुलै १७९४, १८ ब्र्युमेर (नेपोलियनने सत्ता घेतली) म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. दोन्ही पद्धतींच्या तारखा एकाच परिच्छेदात मिसळल्या तर क्रम चुकतो, म्हणून इंग्रजी तारीख आधी लिहा आणि प्रसिद्ध नाव असेल तेवढेच मागे जोडा.